गझल वाचायची कशी : ठाऊक असलेल्या शब्दाची वाट पाहणं

मुशायऱ्यात, म्हणजे गझला ऐकवायच्या मैफलीत, बसलेल्या रसिकांना शेराचा, म्हणजे गझलेतल्या दोन ओळींच्या जोडीचा, शेवटचा शब्द आधीपासून ठाऊक असतो. कवी दुसरी ओळ अर्ध्यावर आणतो, तोवर निम्मी मंडळी तो शब्द त्याच्याबरोबर म्हणायला तयार असतात, आणि तरीही दाद निघते ती त्याच शब्दावर. माहीत असलेल्या शब्दाने माणूस चकित कसा होतो, हे ज्याला उमगलं त्याला गझल वाचता येऊ लागली असं मी मानतो.

गझल लिहायची कशी यावर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. सुरेश भटांच्या ‘गझलची बाराखडी’ने लिहिणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना वाट दाखवली. वाचणाऱ्याला मात्र सहसा कुणी काही सांगत नाही. मग तो गझल भावगीतासारखी वाचतो, वरून खाली एका दमात, आणि ‘छान आहे, पण सगळीकडे तोच तोच शब्द’ असं म्हणून पुढे जातो. पुढची सगळी खटपट त्या वाचकासाठी आहे.

हाताशी एक नमुना हवा, म्हणून या लेखापुरते पाच शेर मी रचले आहेत. त्यातला एक मुद्दाम निर्जीव ठेवला आहे. कोणता, ते आधी स्वतः ओळखायचा प्रयत्न करा.

लावला आहे दिवा दारी पुन्हा
वादळांनो, या तुम्ही सारी पुन्हा

शेत गेले, बैल गेले, अन् तरी
बाप माझा चालतो वारी पुन्हा

चंद्र आहे, चांदणे आहे किती
शोभते आभाळ हे भारी पुन्हा

भिंत पडली, वाद मिटला एकदा
बोलले नाहीत शेजारी पुन्हा

फक्त आले ओळखीचे वळण ते
पाय झाले आज का भारी पुन्हा

पहिली पायरी : अर्थ बाजूला ठेवून ठेका पकडा

गझल डोळ्यांनी वाचायची नाही. तोंडाने वाचायची, निदान ओठ हलवून. पहिल्या वाचनात अर्थाकडे लक्ष देऊ नका, फक्त ओळ कुठे लांबते आणि कुठे आखडते ते ऐका. लघू अक्षराला ‘ल’, गुरू अक्षराला ‘गा’ म्हणायचं. आपल्या मतल्याची, म्हणजे पहिल्या शेराची, पहिली ओळ अशी पडते:

ला-व-ला-आ | हे-दि-वा-दा | री-पु-न्हा
गा-ल-गा-गा | गा-ल-गा-गा | गा-ल-गा

मराठीत या वृत्ताला मेनका म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी काही बिघडत नाही, ठेका मात्र कानात बसला पाहिजे. आणखी एक पाहा: ‘आहे’ हा शब्द दोन गणांत, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेल्या तुकड्यांत, तुटला आहे. शब्द संपतो तिथे गण संपत नाही. वाचताना ओळ गणागणावर तोडायची नाही, बोलल्यासारखी म्हणायची. ठेका आत चालू राहतो आणि वर साधं बोलणं चालतं. बोलणं आणि ठेका यांची ही ओढाताण चांगल्या गझलेत सतत जाणवते. जिथे बोलण्याचा नैसर्गिक क्रम ठेक्यासाठी मोडावा लागलेला दिसतो, क्रियापद उगाच पुढे आलेलं असतं, ‘असे’, ‘नसे’, ‘हा’, ‘तो’ अशी भरती केलेली असते, तिथे कवी वृत्तापुढे हरला असं समजावं.

लघू-गुरू ओळखण्याचा नियम शाळेत शिकवतात तो बहुतेक पुरतो: ऱ्हस्व ते लघू, दीर्घ ते गुरू, अनुस्वार असला की गुरू, आणि जोडाक्षराच्या आधीचं अक्षर आघातामुळे गुरू. पण शेवटच्या नियमात मराठीची खोच आहे. ‘फक्त’मध्ये ‘फ’वर आघात येतो, म्हणून तो गुरू. ‘पुन्हा’ आणि ‘तुम्ही’मध्ये ‘पु’ आणि ‘तु’ या अक्षरांवर आघात येत नाही, म्हणून ते लघूच राहतात. जीभ आपोआप बरोबर सांगते, कागदावर मोजत बसलात तर चुकाल.

‘भिंत पडली’ या ओळीत कुणी बोट ठेवील. ‘पड’ ही दोन लघू अक्षरं आहेत आणि तिथे एक गुरू हवा होता. पुढच्या ‘मिट’चंही तेच, पाचव्या शेरातल्या ‘वळ’चंही तेच. गझलेत एका गुरूच्या जागी दोन लघू घेण्याची सूट सर्रास घेतली जाते. काही जाणकारांना ती खटकते. माझ्या कानाला ती खटकत नाही, कारण बोलताना ‘पड’ आपण एकाच झटक्यात म्हणतो. तुमच्या कानाला खटकत असेल तर तेही चालेल. ऐकून ठरवलं म्हणजे झालं.

दुसरी पायरी : मतल्यातून जमीन ओळखा

पहिल्या शेराला मतला म्हणतात. त्याच्या दोन्ही ओळींचा शेवट जुळतो आणि पुढच्या सगळ्या गझलेचा कायदा तिथेच ठरतो. पुढच्या शेरांत पहिली ओळ मोकळी असते, दुसरी मात्र त्या कायद्याला बांधलेली.

मतला उजवीकडून डावीकडे वाचा. जे शब्द दोन्ही ओळींत जसेच्या तसे आले ती रदीफ. इथे ‘पुन्हा’. त्याच्या अलीकडे यमक जुळवणारा शब्द तो काफिया: दारी, सारी. काफियात न बदलणारं अक्षर ‘री’ आहे, आणि त्याच्या आधीचा ‘आ’ हा स्वर म्हणजे अलामत. म्हणून वारी, शेजारी, भारी चालतात, पण चोरी किंवा नगरी चालणार नाही. शेवटी ‘री’ असूनही त्यांचा आधीचा स्वर वेगळा आहे. वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून गझलेची जमीन होते. मतल्यातच ‘दारी’ आणि ‘माझी’ असे काफिये घेतले असते, तर फक्त ‘ई’ सांभाळायचं बंधन राहिलं असतं. त्याला स्वरकाफिया म्हणतात. तो सोपा पडतो, आणि कानाला यमकाचं सुखही कमी देतो.

मराठी वाचकाने काफियाची एक परीक्षा जरूर घ्यावी. आपली भाषा प्रत्ययांची आहे, त्यामुळे फुकटचं यमक मुबलक मिळतं. ‘मनात, पुस्तकात, पावसात’ यांचा शेवट सारखा वाटतो, पण जुळतो तो फक्त ‘आत’ हा प्रत्यय. तो काढून टाका: मन, पुस्तक, पाऊस. यमक कुठे राहिलं? हेच ‘घरात, स्वरात, पदरात’ असतं तर प्रत्यय काढूनही ‘र’ शिल्लक राहिला असता. ‘दारी’चा ‘ई’ काढला तरी ‘दार’ उरतं आणि ‘वार’, ‘शेजार’ त्याला जुळतात. या एका चाळणीने निष्काळजी गझल आणि मेहनतीची गझल यांतला फरक लगेच दिसतो.

रदीफ नसलेल्या गझलाही असतात. त्यांना गैरमुरद्दफ म्हणतात, आणि त्यांत सगळा भार काफियावर येतो. रदीफ ही मुळात फारसी कवींची देणगी. अरबी कवितेत एकच यमक शेवटपर्यंत चालवण्याची रीत होती, त्याच्या पुढे तोच शब्द पुन्हा पुन्हा आणण्याची चाल फारसीत रुजली. तिथून ती उर्दूत आणि दखनीत आली. वली दखनी आणि सिराज औरंगाबादी ही गझलकारांची नावं आपल्याच दख्खनच्या मातीतली आहेत. मराठीत हा प्रकार डोळसपणे आणला तो फारसीचे अभ्यासक माधव जूलियन यांनी. त्यांचा ‘गज्जलांजलि’ 1933चा. पुढे सुरेश भटांनी त्याला बोलत्या मराठीचा बाज दिला.

तिसरी पायरी : दुसरी ओळ हाताने झाका

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे.

मुशायऱ्यात कवी शेराची पहिली ओळ म्हणतो, पुन्हा म्हणतो, कधी श्रोते ती उचलून त्याला परत देतात. हा वेळ श्रोत्यांना विचार करायला मिळतो. पहिली ओळ कळली आहे, रदीफ माहीत आहे, काफियाचा घाट माहीत आहे. मन आपोआप पुढे धावून अंदाज बांधायला लागतं. कवीला तुमच्या या अंदाजाशीच खेळायचं असतं. छापील पानावर दोन्ही ओळी एकदम दिसतात आणि हा खेळ बुडतो. म्हणून पानावर वाचताना खालची ओळ झाकायची.

करून पाहा. ‘शेत गेले, बैल गेले, अन् तरी’. इथे थांबा. वाक्य अर्धवट लटकलं आहे. ‘अन् तरी’ने तुम्हाला ओळीच्या टोकावर उभं केलं आहे. पुढे ‘-आरी पुन्हा’ येणार हे माहीत आहे. काय येईल? दुकानाची उधारी पुन्हा? पेरणीची तयारी पुन्हा? मन शेताभोवतीच घुटमळतं. आता हात काढा: ‘बाप माझा चालतो वारी पुन्हा’. काफिया आला तेव्हा रस्ता शेतावरून पंढरपूरकडे वळला. आणि ‘पुन्हा’ला पोचेपर्यंत कळलं की हा माणूस दर वर्षी जातो, शेत होतं तेव्हाही जायचा. त्याने विठ्ठलाकडे शेत परत मागितलं का? शेर सांगत नाही. न सांगितलेलं ते तुमच्याकडे सोपवून तो संपतो.

अंदाज अगदी बरोबर निघाला तर शेर साधारण आहे. पार चुकला आणि दुसरी ओळ भलत्याच विषयाची निघाली तर शेर तुटलेला आहे. अंदाज चुकावा, पण चुकल्यावर ‘अरे, हेच तर यायला हवं होतं’ असं वाटावं, ही सगळ्यांत वरची पायरी.

चौथी पायरी : रदीफ काढून शेर वाचा

आता प्रत्येक शेरातून ‘पुन्हा’ उचलून बाजूला ठेवा आणि काय हरवलं ते पाहा.

मतल्यात ‘लावला आहे दिवा दारी’ एवढंच राहिलं, तर कुणीतरी रोजचा सांजदिवा लावला असं वाटेल. ‘पुन्हा’ आला की हा दिवा याआधी विझलेला आहे हे कळतं. आणि दुसऱ्या ओळीतला ‘पुन्हा’ विझवलं कुणी ते सांगतो. एकच शब्द पहिल्या ओळीत उमेद झाला, दुसऱ्या ओळीत आव्हान झाला.

चौथ्या शेरात तर रदीफेने बाजूच बदलली. आतापर्यंत ‘पुन्हा’ म्हणजे परत एकदा. ‘बोलले नाहीत’च्या मागे लागल्यावर त्याच ‘पुन्हा’चा अर्थ ‘त्यानंतर कधीच’ असा झाला. वृत्त तेच, अक्षरं तीच, म्हणण्याचा सूरही जवळपास तोच, आणि शब्द आतून उलटा झाला. श्रोत्यांना आधीच ठाऊक असलेला शब्द त्यांना अनोळखी होऊन भेटतो तो असा. शेजाऱ्यांना जोडून ठेवणारी गोष्ट भिंतीवरचं भांडण ही होती, हेही त्या उलटण्यातूनच कळतं. ‘पुन्हा’ काढा: ‘बोलले नाहीत शेजारी’. नुसती तक्रार उरते.

पाचव्यात ‘पुन्हा’ एक जुनी वेळ सुचवतो. त्या वळणावर पाय आधीही कधीतरी जड झाले होते. कधी, कुणाला निरोप देताना, ते शेरात कुठेच नाही. ‘पुन्हा’ नसता तर ती पहिली वेळच नसती.

आणि तिसरा. ‘शोभते आभाळ हे भारी’ म्हटलं तरी काही बिघडलं नाही, ‘पुन्हा’ जोडलं तरी काही कमावलं नाही. रदीफ इथे पाटी लावल्यासारखी शेवटी टांगली आहे. ‘भारी’ हा काफियाही यमकासाठी ओढून आणलेला, आणि दोन्ही ओळी एकच गोष्ट सांगतात. वृत्त चोख, काफिया चोख, रदीफ जागेवर, तरी शेरात जीव नाही. निर्जीव ठेवलेला शेर तो हा. तंत्राची एकही चूक न करता वाईट शेर लिहिता येतो, हे वाचकाने पक्कं ध्यानात ठेवावं. नुसती वृत्तं तपासून गझलेला गुण देणारे पुष्कळ भेटतात.

रदीफेच्या जातीवरही लक्ष ठेवा. ‘आहे’सारखी रदीफ बोलण्यात इतकी मुरलेली असते की ती ऐकूच येत नाही. कवीला तिचा त्रास कमी, वाचकाला तिच्यातून मिळकतही बहुधा कमी. ‘नाही’ किंवा ‘पुन्हा’ वाक्याची दिशा बदलू शकतात. ‘पाऊस’, ‘आई’, ‘रस्ता’ असं नाम रदीफेला घेतलं तर प्रत्येक शेर त्या वस्तूकडे परत यायलाच हवा. दोन-तीन शेर चमकतात आणि मग दमछाक ऐकू येते. चार-पाच शब्दांची लांब रदीफ घेणाऱ्या कवीकडे तर निम्मी ओळसुद्धा स्वतःची उरत नाही. तेवढ्याशा जागेत त्याने काय केलं हे पाहण्यात वेगळाच आनंद आहे.

पाचवी पायरी : दोन ओळींमधलं नातं तपासा

दोन ओळींमधल्या या संबंधाला उर्दूत रब्त म्हणतात. तो बघायला फार विद्वत्ता लागत नाही. दोन ओळींच्या मध्ये मनात ‘म्हणून’, ‘पण’, ‘कारण’, ‘जसं’ यांतला एक शब्द घालून पाहा. एकही बसत नसेल तर ओळी एकमेकींना ओळखत नाहीत. ‘म्हणजेच’ बसत असेल तर दुसरी ओळ पहिलीचीच नक्कल आहे. चंद्र-चांदण्याच्या शेरात हेच झालंय. भिंतीच्या शेरात ‘पण’ बसतो, मात्र कवीने तो उच्चारलेला नाही. उच्चारला असता तर वाचकाचं काम त्याने स्वतःच उरकलं असतं.

ओळींची अदलाबदल करूनही बघावं. ‘बोलले नाहीत शेजारी पुन्हा, भिंत पडली, वाद मिटला एकदा’. माहिती तीच, पण शेर मेला. उघडणारी ओळ आधी आली आणि मागे नुसता खुलासा राहिला.

एकेक शेर सुटा, मग सगळे मिळून

दिवा, वारी, शेजारी, वळण यांची मिळून गोष्ट शोधत बसू नका. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असतो, दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभा राहतो. अभंगात चरणामागून चरण एका भावाकडे जातात आणि ध्रुपद तोच भाव पुन्हा समोर ठेवतं. तिथलं परत येणं मुक्कामाला येणं आहे. रदीफ मात्र दर खेपेला वेगळ्या वाटेने येते. अभंग-ओवीवर वाढलेल्या आपल्या कानाला पुनरावृत्ती नवी नाही, या प्रकारच्या पुनरावृत्तीची सवय तेवढी लावून घ्यावी लागते.

तरीही सगळे शेर वाचून झाल्यावर एक सावली मनावर राहते. ती बहुधा रदीफेचीच असते. ‘पुन्हा’ ज्या गझलेत घुमतो तिथे गेलेलं, परतलेलं, न परतलेलं यांचाच वावर राहणार. काही गझला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच विषयावर चालतात, त्यांना मुसलसल म्हणतात. शेवटच्या शेरात कवीचं टोपणनाव, म्हणजे तखल्लुस, आलं तर त्या शेराला मक्ता म्हणतात. मक्त्यात कवी स्वतःला परक्यासारखा हाक मारतो, तेव्हा त्याचा आवाज बदललेला ऐकू येतो का, तेवढं पाहावं.

गायलेली गझल ऐकताना एक सावधगिरी. गायक सगळे शेर घेत नाही, गाण्याला सोयीचे निवडतो, आणि दर शेरानंतर मतल्यावर येतो. त्यामुळे मतला मनात खोल रुजतो आणि बाकीचे शेर नकळत त्याच्या छायेत जातात. चाल गोड असेल तर पडका शेरही तरून जातो. गायलेली गझल आवडली की तिचा छापील मजकूर मिळवा, चाल न लावता मोठ्याने वाचा. गायकाने सोडून दिलेल्या शेरांत कधी कधी सगळ्या गझलेतला उत्तम शेर सापडतो. अशा शेराला हासिले गझल म्हणतात. तो कोणता याचा निर्णय गायकावर किंवा टाळ्यांवर सोडू नये.

सराव

नवी गझल हाती आली की फक्त मतला वाचा आणि बाकीचा मजकूर झाका. वहीत रदीफ लिहा, तिच्याखाली सुचतील तेवढे काफिये लिहा. ‘दारी, सारी’वरून मला वारी, भारी, शेजारी, तयारी, सुपारी, उधारी, बाजारी, म्हातारी इतके सहज सुचतात. मग एकेका काफियाला रदीफ जोडून बघा: ‘म्हातारी पुन्हा’, ‘बाजारी पुन्हा’. कुठे काही हलतं का? कुठे वृत्तच आडवं येतं? ‘उधारी’चा ‘उ’ लघू आहे आणि या वृत्तात त्या जागी गुरू हवा. म्हणजे इतका जिवंत शब्द समोर असून कवीला तो सरळ घेता येणार नाही. आधी आणखी एक लघू अक्षर आणून सूट घ्यावी लागेल, नाहीतर शब्द सोडावा लागेल.

एवढं झाल्यावर एकेक शेर उघडा. कवीने तुमच्या यादीतला कोणता काफिया घेतला, कोणता टाळला, आणि कोणता असा आणला जो तुम्हाला सुचलाच नव्हता, त्यावर खूण करा. शेवटी त्या जमिनीवर स्वतः एक शेर बांधून पाहा, कुणाला दाखवायचा नसला तरी. मुशायऱ्यांत हीच चाल तरही नावाने चालते: एक ओळ दिली जाते आणि तिच्या जमिनीवर सगळे कवी लिहून आणतात. वर दिलेला मतला तुम्हाला त्यासाठी मोकळा आहे. ‘म्हातारी’ अजून कुणी वापरलेली नाही. ‘म्हा’ आणि ‘ता’ दोन्ही गुरू आहेत, वृत्तात ती चपखल बसते, तेव्हा सुरुवात तिच्यापासून करायला हरकत नाही.